साडूभाऊंच्या स्कूटरचा चातुर्मास

माझ्या साडूंइतका निर्लज्ज माणूस अमेरिकेत दुसरा नसेल, हे मी पूर्ण जबाबदारीने आणि तितक्याच प्रेमाने लिहितो आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही एकमेकांना साडूभाऊ म्हणतो. ते नागपूरचे, मी पुण्याचा, आणि नशिबाने दोघेही न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर येऊन पडलो. आमच्या घराण्यात लाज पिढीजात आहे. माझे वडील रिक्षावाल्याला 'इथे थांबा' म्हणायला ओशाळायचे, आणि दोन चौक पुढे जाऊन उतरून मुकाट्याने मागे चालत यायचे. माणसाला जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी म्हणतात. मला दोन्ही आहेत, आणि गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आहेत. साडूभाऊंकडे जनाची तर औषधालासुद्धा नव्हती. मनाचीही नसावी असं मी पुष्कळ वर्षं धरून चाललो होतो.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे मला शिक्षाच. अमेरिकन दुकानात ते प्रत्येक भेंडीचं टोक कटकन मोडून बघत. मोडली तर कोवळी, न मोडली तर पुन्हा ढिगात. मॅनेजर आला की पळून जायचं सोडून ते त्यालाच कोवळी भेंडी कशी ओळखावी ते शिकवत. मी तोवर डिटर्जंटच्या रांगेत जाऊन डब्यांवरच्या सूचना वाचत बसलेला असे. कॉफीच्या दुकानाच्या ज्या खिडकीशी लोक मोटारीतून जातात, तिथे ते रांगेत दोन मोटारींच्या मध्ये पायी उभे राहत. पुढची मोटार सरकली की हेही सरकत. एकदा बार्बेक्यूचा गॅसचा सिलिंडर त्यांनी स्कूटरवर पायांच्या मध्ये ठेवून आणला, आपल्याकडे आणतात तसा. सिग्नलला त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये माझी मोटार होती. त्यांनी हात केला, मी रेडिओची बटणं दाबत राहिलो, तर त्यांनी माझ्या काचेवर टकटक करून विचारलं की आज ऑफिसला दांडी का. संध्याकाळी मी म्हटलं, साडूभाऊ, जरा सांभाळून, लोक बघतायत हो. त्यांचं यावर एकच ठरलेलं उत्तर असे. आजवर ते मी हजारदा ऐकलं असेल.

"पाहून राहिले तर पाहू द्या नं. तिकीट थोडीच लावलंय?"

तर ही स्कूटर. न्यू जर्सीत स्कूटर चालवणारा मराठी माणूस मला तरी दुसरा माहीत नाही. साडूभाऊंच्या अपार्टमेंटला गॅरेज नाही आणि माझ्या टाउनहाउसला आहे, त्यामुळे हिवाळ्यात स्कूटरचा मुक्काम माझ्याकडे असे. याला ते स्कूटरचा चातुर्मास म्हणत. देव पावसाळ्यात झोपतात, आमची गाडी बर्फात झोपते, एवढाच फरक. दसऱ्याला झेंडूचा हार घालून, नारळ फोडून ते तिला झोपवत. दुकानात मिळणारं कव्हर त्यांना पसंत नव्हतं. नागपूरहून आणलेली ठिगळाठिगळांची गोधडी ते तिच्यावर घालत आणि कडा चाकांखाली खोचत. मग पाडव्याला वाजतगाजत तिला उठवायचं. नारळाचं पाणी माझ्या ड्राइव्हवेवर सांडलेलं पाहून समोरच्या घरातल्या बाई, ज्या आमच्या कॉलनीच्या असोसिएशनच्या अध्यक्ष आहेत, त्या दर वर्षी मला विचारत की काही फुटलं का. मी दर वर्षी नाही म्हणत असे.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांची स्कूटर आडवी करण्याची पद्धत. आमच्या पिढीच्या वाचकांना हे सांगायला नको. आपल्या वडिलांच्या स्कूटरी सकाळी रुसायच्या, मग एक हात हँडलला आणि एक सीटला घालून गाडी उजवीकडे पार जमिनीपर्यंत आडवी करायची, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत जाऊ द्यायचं, सरळ करायची आणि किक मारायची. साडूभाऊंची स्कूटर नव्या जमान्याची. तिला किक नाही, कार्बोरेटर नाही, बटण दाबलं की सुरू. तरी आडवी केल्याशिवाय त्यांनी ती कधी सुरू केली नाही. माणसाने उठल्यावर आळस दिला पाहिजे, गाडीनेही दिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. भर पार्किंगमध्ये, सूटबूट घातलेली माणसं येता-जाता बघत असताना, हा पन्नाशीचा गृहस्थ माकडटोपीवर हेल्मेट चढवून, चांगली उभी असलेली गाडी मुद्दाम आडवी पाडायचा आणि पुन्हा उभी करायचा. मी त्या वेळी पत्रपेटीत डोकं घालून पत्रं शोधत असे. रविवारी पत्रं येत नाहीत, तरीही.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या सासूबाई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्या. आम्हा दोघांच्या सासूबाई एकच, हे साडूपणातलं मोठं सुख. सत्तरी ओलांडलेली, खुटखुटीत बाई, पण त्यांना गाडी लागते. बंद काचा, हीटरची ऊब आणि सीटचा वास एकत्र आला की त्यांच्या पोटात ढवळायला लागतं. विमानतळावरून घरी येईपर्यंत आम्ही जागोजागी थांबलो. आवळासुपारी झाली, लिंबू झालं, पुढची सीट झाली. शेवटी घरी पोचल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडून सांगितलं की आता परत जाईन तेव्हाच मोटारीत बसेन. मग हिवाळा लागला आणि सासूबाईंनी अमेरिका आमच्या हॉलच्या खिडकीतून पाहिली. खिडकीतून समोरच्या अध्यक्षबाईंचं घर आणि एक मेपलचं झाड दिसतं. आमच्या रस्त्याच्या टोकाला, मैलभरावर, एक तळं आहे. ते गोठलं आहे आणि त्यावरून माणसं चालतायत असं नातीने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, काहीतरीच तुझं. त्या दिवसापासून तळं बघायचं त्यांच्या मनाने घेतलं. पण बर्फातून मैलभर चालणं त्यांना झेपणारं नव्हतं, आणि मोटारीचं नाव काढलं की त्या पदर तोंडाला लावत.

त्यांना एकच वाहन कधी लागलं नाही, ते म्हणजे स्कूटर. सासरे होते तोवर त्यांच्या मागे एका बाजूला बसून सासूबाईंनी उभं नाशिक पालथं घातलं होतं. हे कळल्यावर साडूभाऊंनी जेवताजेवता, श्रीखंडाची वाटी हातात धरून, जाहीर केलं की पाडव्याला गाडी उठली की पहिली स्वारी आईंची. आईंना तळं दाखवल्याशिवाय विमानात बसू देणार नाही. सासूबाईंनी नुसतं हसून वाटीत आणखी श्रीखंड घातलं. त्यांच्या परतीचं विमान पाडव्यानंतर थोड्याच दिवसांनी होतं.

एरवी चातुर्मासात स्कूटरची झोप कोणी मोडत नसे. या वर्षी मात्र साडूभाऊ दर रविवारी सकाळी यायला लागले. गॅरेजचं दार वर जायचं, गोधडी निघायची, गाडी आडवी व्हायची, सरळ व्हायची आणि पाच मिनिटं सुरू राहायची. सासूबाई शाल, स्वेटर आणि माझं बर्फातलं जाकीट असा सगळा जामानिमा करून दारात उभ्या राहत. आठवड्यातलं तेवढंच त्यांचं बाहेर पडणं. पेट्रोलचा वास आला की त्या डोळे मिटून म्हणत, ह्यांच्या गाडीचा असाच होता. पाच मिनिटांनी त्यांना थंडी वाजायला लागे आणि साडूभाऊ लगेच गाडी बंद करत. हा कार्यक्रम त्यांच्यासाठीच चालतो हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. ते म्हणत, इंजिनाचे हातपाय मोकळे झाले पाहिजेत.

इंजिनाचं मला काही कळत नाही. साडूभाऊंनाही कळत नव्हतं, पण त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. आता समजलंय ते असं की थंडीत इंजिन पाचच मिनिटं चालवलं तर ते नीट तापत नाही, आत ओल धरते आणि ती ऑइलमध्ये मिसळते. दर रविवारी थोडी थोडी. साडूभाऊ ऑइल किती आहे ते दाखवणारी पट्टी काढून बघत, तर ऑइल काळं-सोनेरी दिसायचं सोडून दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसायला लागलं होतं. ते म्हणाले, थंडीत तूप नाही का पांढरं होत. शिवाय ते पट्टी बघत ती गाडी एका बाजूला कलती उभी असताना. त्यामुळे ऑइल कमी दिसे आणि ते वर आणखी ओतत. पाडवा येईपर्यंत त्या इंजिनाच्या गळ्यापर्यंत आलं होतं, निम्मं ऑइल आणि निम्मं पाणी. आणि एवढ्या भरलेल्या गाडीला आडवं केलं की ते कुठे जाणार, हा विचार आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आला नाही.

पाडव्याला कॉलनीचा क्लबहाउस घेतला होता. मीच घेतला होता, अध्यक्षबाईंना तीनतीनदा सांगून, की आमचा सण अगदी शांत असतो. गॅलरीत गुढी उभी राहिली, पन्नासेक मंडळी पैठण्या आणि झब्बे घालून जमली. जेवणाआधी साडूभाऊंनी सगळ्यांना बाहेर बोलावलं. सासूबाई नऊवारी नेसून, वर माझं जाकीट आणि त्यावर नवं कोरं लाल हेल्मेट घालून तयार होत्या. हेल्मेटला साडूभाऊंनी कुंकवाचं बोट लावलं होतं. कोणीतरी फोनवर व्हिडिओ काढायला लागलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, निदान आज तरी आडवी करू नका, लोक बघतायत. ते नेहमीचं उत्तर देऊन वाकले आणि त्यांनी गाडी नेहमीपेक्षा जास्त आडवी केली, सण होता म्हणून. मग सरळ केली, सासूबाईंना मागे बसवलं आणि बटण दाबलं.

आधी थोडा पांढरा धूर निघाला, धूप घातल्यासारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग साडूभाऊंनी मूठ पिळली आणि त्या गाडीने हिवाळाभर पोटात ठेवलेलं सगळं एकदम बाहेर टाकलं. गुढी दिसेनाशी झाली. पैठण्या दिसेनाशा झाल्या. क्लबहाउसचं दार उघडं होतं, त्यातून धूर आत शिरला, आतला अलार्म किंचाळायला लागला, आणि सगळी माणसं हातातल्या वाट्यांसकट थंडीत बाहेर. थोड्याच वेळात आगीचा बंब आला. समोरून अध्यक्षबाई आल्या. मेल्याहून मेल्यासारखं होणं हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिला होता. त्याचा खरा उपयोग त्या दिवशी झाला.

बंबावरच्या माणसाने शांतपणे विचारलं की ही गाडी कोणाची. आता साडूभाऊ त्याला श्रीखंड देणार, वर त्याच्या बंबाचं हॉर्सपॉवर विचारणार, हे मी गृहीतच धरलं आणि जमिनीकडे बघायला लागलो. पण काहीच ऐकू आलं नाही. मान वर केली तर साडूभाऊ सासूबाईंकडे बघत होते. त्या कोणाच्या तरी खांद्याला धरून खोकत होत्या, लाल हेल्मेट तिरपं झालं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नऊवारीच्या काठावर ऑइलचे काळे थेंब उडाले होते. ती नऊवारी सासऱ्यांनी घेतलेली होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. साडूभाऊ त्या माणसाला हळूच सॉरी म्हणाले. मग सासूबाईंना म्हणाले, मग अध्यक्षबाईंना, मग ज्यांचा काही संबंध नव्हता अशा दोन-तीन जणांना. त्यांच्या तोंडून तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. नंतर ते स्कूटर ढकलत एकटेच माझ्या गॅरेजकडे गेले, मान खाली घालून, इमारतीच्या मागच्या बाजूने. ती चाल माझी होती. मीच असा चालतो.

व्हिडिओ दुपारपर्यंत मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला आणि संध्याकाळपर्यंत पार दूरच्या अल्फारेटा आणि बेलव्ह्यू गावांतल्या नातेवाइकांनी हसून रडणारे चेहरे पाठवून दिले. साडूभाऊ ग्रुपमधून बाहेर पडले. फोन उचलेनात. मेहुणीने सांगितलं की ऑफिसातून येऊन नुसते बसून असतात, भेंडीसुद्धा पाकिटातली आणली. ते ऐकून मला खरंच भीती वाटली. सासूबाई आपल्या परीने म्हणत होत्या, एवढं काय झालंय, ह्यांनी तर मला एकदा गोदाघाटावर पाडलं होतं. पण जाण्याचे दिवस जवळ येत होते, बॅगा उघडून ठेवल्या होत्या, आणि तळ्याचं नाव कोणी काढत नव्हतं.

शेवटी मीच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दार उघडलं आणि माझ्याऐवजी माझ्या बुटांकडे बघून म्हणाले, "आईंना मी धुरात घातलं, साडूभाऊ. मीच बिघडवली गाडी. दर रविवारी, आपल्या हातानं." त्यांनी रात्र रात्र बसून वाचून काढलं होतं की हे कशाने होतं. मला त्या क्षणी त्यांची इतकी माया आली, आणि तरी मला काही बोलता येईना, कारण अशा वेळी काय बोलायचं असतं ते या माणसानेच मला हजारदा ऐकवलं होतं आणि मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो की चला, ऑइल काढू या.

सासूबाई निघायच्या आदल्या दिवशी आम्ही ते काम केलं. गाडी मधल्या स्टँडवर, सरळ. खालचा बोल्ट सोडला तसा तो दुधट चहा परातीत उतरला. नवं ऑइल घालून, थोडं चालवून, तेही काढून टाकलं, कारण पहिल्या वेळी ओल पूर्ण जात नाही. गाडी आडवी केल्यावर हवेच्या फिल्टरच्या डब्यात ऑइल शिरून डबकं साचलं होतं, धूर त्याचाच झाला होता, ते पुसून फिल्टर नवा बसवला. मग मापात ऑइल घातलं आणि इंजिन चांगलं गरम होऊन धूर थांबेपर्यंत चालू ठेवलं. सगळं अगदी पुस्तकाबरहुकूम झालं. साडूभाऊ सबंध वेळ एक विनोद बोलले नाहीत. पट्टी पुसून, दोनदा बघून त्यांनी हलक्या हाताने झाकण लावलं. गाडी सुरू करायच्या आधी त्यांचे हात सवयीने हँडलकडे आणि सीटकडे गेले, आणि मग त्यांनी ते मागे घेऊन पँटला पुसले. त्या दिवसापासून त्यांनी ती गाडी कधी आडवी केली नाही. तेच बरोबर आहे, इंजिनाच्या दृष्टीने. तरी रविवारी ते नुसतं बटण दाबतात तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, संध्याकाळच्या विमानाआधी, सासूबाई प्रवासाचा पंजाबी ड्रेस घालून आणि लाल हेल्मेट काखेत मारून आपण होऊनच गॅरेजात येऊन उभ्या राहिल्या. साडूभाऊंनी त्यांच्या हनुवटीखाली पट्टा लावला. गाडी सुरू झाली, धूर नाही, आवाज गोड. मी ऑइलचं फडकं हातात घेऊन बघत होतो. गॅरेजातून बाहेर पडल्यावर डावीकडे वळलं की क्लबहाउसवरून पुढचं फाटक आणि मग तळ्याचा रस्ता. उजवीकडे वळलं की इमारतींच्या मागे कचऱ्याचे मोठे लोखंडी डबे, आणि डब्यांच्या पुढे कुंपण. तिथे रस्ता संपतो. साडूभाऊंनी हँडल उजवीकडे वळवलं.

मी पुढे होऊन विचारलं, इकडे कुठे, तळं तिकडे आहे. त्यांनी क्लबहाउसकडे पाहिलं. तिथे सकाळचे चालायला निघालेले चार लोक होते, आणि गॅलरीत कॉफीचा मग घेऊन अध्यक्षबाई.

"मागूनच एक चक्कर मारून आणतो आईंना," ते हलक्या आवाजात म्हणाले. "लोक बघतायत हो."

नागपूरचा माणूस. पाहून राहिले म्हणाला नाही, बघतायत म्हणाला. माझं वाक्य, माझ्या सुरात, माझ्या त्या 'हो'सकट. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडून दुसरं काही उचललं नव्हतं आणि नेमकं हे उचललं, याची मला जी लाज वाटली, तशी भेंडीची, सिलिंडरची, बंबाचीसुद्धा वाटली नव्हती. मागे सासूबाई दोन्ही हातांनी त्यांचं जाकीट धरून, कुंपणाकडे तोंड करून, कुठेही न्याल तिथे येईन अशा बसल्या होत्या.

मी त्यांच्या पुढ्यात जाऊन, रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो.

"पाहून राहिले तर पाहू द्या नं, साडूभाऊ," मी म्हणालो. पुणेरी तोंडाला ते नीट जमलं नाही, 'नं' तर अगदीच हुकला. "तिकीट थोडीच लावलंय?"

हेल्मेटच्या आत त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही. मग त्यांनी हँडल सावकाश डावीकडे वळवलं. गाडी क्लबहाउसवरून गेली, चालणारे चार लोक बाजूला झाले, आणि सासूबाईंनी त्या चौघांना हात केला. फाटकातून बाहेर पडताना लाल हेल्मेट एकदा दिसलं.

मी होतो तिथेच, पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, काळं फडकं हातात धरून, रस्त्याच्या मधोमध उभा होतो. अध्यक्षबाई गॅलरीतून माझ्याकडे बघत होत्या. एरवी मी पत्रपेटीत डोकं घातलं असतं. स्कूटरचा आवाज तळ्याच्या बाजूला लहान लहान होत गेला, आणि तो पार ऐकू येईनासा होईपर्यंत मी तिथून हललो नाही.